जर्मनीला जा, पण या कागदावर सही करू नकोस

वाचकाचं पत्र:

"मॅडम, मी मिरजेजवळच्या एका खेड्यात राहते. वय ३१. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून आठ वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, पगार २६ हजार. मिस्टरांचं टू-व्हीलरचं गॅरेज आहे. मुलगी नुकतीच चार वर्षांची झाली. सासूबाईंना शुगर आहे. घराचं ९ लाखांचं कर्ज आहे. मी जर्मन भाषेची बी-१ परीक्षा पास झाले आणि आता श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलचं ऑफर लेटर आलं आहे: सुरुवातीला महिना २,७०० युरो, तिथली परीक्षा पास झाल्यावर ३,४००. एजंट म्हणतो, महिन्याला पावणेतीन लाख सुटतील. त्याला अडीच लाख रुपये, माझी मूळ सर्टिफिकेट आणि दोन कोरे चेक हवे आहेत, तेही दहा दिवसांत. करारात लिहिलं आहे की तीन वर्षांच्या आत सोडलं तर ९,००० युरो भरायचे. मिस्टर म्हणतात, तू ठरव. सासूबाई म्हणतात, लेकराला टाकून कुठं निघालीस. रात्री झोप लागत नाही. आई म्हणून मी चुकतेय का?"

प्रिय सिस्टर,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडवली आहे. नाही, तू चुकत नाहीस. आठ वर्षं आयसीयूत उभं राहून २६ हजारांवर अडकलेल्या बाईने घराचं कर्ज फेडावं, मुलीला चार गोष्टी जास्तीच्या द्याव्यात असा विचार केला, तर त्यात लेकराला टाकणं कुठे आलं? हीच नोकरी तुझ्या मिस्टरांना लागली असती तर गावाने पेढे मागितले असते. सासूबाईंचा मात्र राग धरू नकोस. त्यांच्या बोलण्यात भीती जास्त आहे. घरात इन्सुलिन देणारी, रात्री घाम फुटला की साखर तोंडात घालणारी तूच असणार. तू जाणार म्हटल्यावर त्यांच्या पोटात गोळा येणारच.

मी १९९४ साली नर्स म्हणून ओमानला गेले. मुलगा तीन वर्षांचा होता, त्याला साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवलं. तेव्हा व्हिडिओ कॉल कुठला! आई पत्रातून त्याच्या पावलाचं माप पाठवायची, वहीच्या कागदावर पाय ठेवून भोवतीने पेन्सिल फिरवलेली. पहिल्या सुट्टीला येताना त्या मापाचे बूट मस्कतच्या बाजारातून घेतले. घरी आले, पोराला पायरीवर बसवलं, बूट घालायला गेले, तर टाच काही केल्या आत जाईना. तो कागद आठ महिन्यांपूर्वीचा होता. आईने ते बूट पुढे शेजारच्या पोराला दिले.

तुला घाबरवायला हे सांगत नाही. मी गेले याचा मला आजही पस्तावा नाही. त्या पैशावर घर उभं राहिलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं. पस्तावा एकाच गोष्टीचा आहे: किती दिवसांसाठी जातेय हे ठरवून गेले नाही. ‘बघू, जमेल तसं’ म्हणता म्हणता चार वर्षं गेली. म्हणून तुझ्या बाबतीत माझा सगळा जीव त्या एका आकड्यात अडकला आहे. तू आणि तुझी मुलगी किती महिने वेगळ्या राहणार? तुझ्या पत्रात पगार आहे, कर्ज आहे, चेक आहेत, हा आकडा कुठेच नाही.

माझं मत सरळ सांगते. जर्मनीला जा. पण या एजंटमार्फत, या करारावर आणि दहा दिवसांत नको.

आधी पैशाचं बघू, कारण एजंटने तुला जो हिशेब सांगितला तो खोटा आहे. २,७०० युरो हा हातात पडणारा पगार नव्हे. त्यातून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि वृद्धापकाळातल्या देखभालीचा विमा असं सगळं मिळून एकवीस टक्क्यांच्या आसपास कापलं जातं. त्यावर आयकर वेगळा. नवरा आणि मुलगी भारतात असेपर्यंत तिथलं कर खातं तुला एकटीच धरतं, म्हणजे कर जास्त. हातात साधारण १,८५० ते १,९०० युरो येतील. हॉस्पिटलच्या क्वार्टरमधली खोली, किराणा, बस-रेल्वेचा पास, फोन, आणि घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घराने भरायची १८.३६ युरोंची प्रसारण फी, एवढं गेलं की काटकसरीने राहणाऱ्या बाईकडे आठशे ते हजार युरो उरतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर ऐंशी हजार ते लाखभर. पावणेतीन लाख कुठे आणि हे कुठे! तरीही तुझ्या आजच्या पूर्ण पगाराच्या तिपटीहून हे जास्त आहे आणि तेही शिल्लक म्हणून. शिवाय तिथे आजारी पडलीस तर सहा आठवडे पूर्ण पगार सुरू राहतो. म्हणजे जायला कारण आहे. फक्त खरा आकडा डोळ्यांसमोर ठेवून जा, नाहीतर पहिल्या महिन्याच्या पगाराची चिठ्ठी हातात घेऊन रडत बसशील.

आता ‘तिथली परीक्षा’. तुझ्या पत्रात हे दोन शब्द जाता जाता आले आहेत आणि सगळी मेख तिथेच आहे. जर्मनीत नर्स हा पेशा कायद्याने बांधलेला आहे. आपलं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे जसंच्या तसं चालत नाही. तू ज्या राज्यात जाणार तिथलं सरकारी खातं तुझ्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे तास त्यांच्या तासांशी ताडून बघतं आणि काय कमी पडतं याचं पत्र देतं. त्याला ते ‘डेफिझिटबेशाइड’ म्हणतात. भारतातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकीला ते मिळतं, त्यात कमीपणा नाही. मग एकतर काही महिन्यांचं प्रशिक्षण पूर्ण करायचं किंवा ‘केंटनिसप्र्यूफुंग’ नावाची तोंडी आणि प्रत्यक्ष वॉर्डातली परीक्षा द्यायची. नापास झालीस तर पुन्हा एकदाच संधी. आणि या सगळ्याच्या जोडीला भाषेची बी-२ पातळी, म्हणजे बी-१ च्या वरची पायरी, लागते. तुझी बी-१ झाली आहे.

हे पूर्ण होईपर्यंत तू तिथे नर्स नाहीस, मदतनीस आहेस. पगार मदतनिसाचा, सहीचा अधिकार नाही. किती काळ? भाषा पक्की असली तर वर्षभरात सुटका होते. कच्ची असली तर दीड, दोन वर्षं जातात, कारण तीन पाळ्यांची ड्युटी करून रात्री व्याकरण डोक्यात शिरत नाही. म्हणजे तुझ्या मुलीपासूनचं अंतर ठरवणार आहे ती तुझी बी-२. ती तू मिरजेत घरी बसून, मुलगी मांडीवर असताना करू शकतेस. मग ती तिथे एकटीने खोलीत बसून का करायची?

कामाबद्दलही बोलते, कारण एजंट हे कधी बोलत नाहीत. तुझ्या आयसीयूत स्पंजिंगला मावशी असतात, बेडपॅनला मामा असतात, पेशंट वॉर्डात गेला की भरवायला नातेवाईक असतात. तिथे हे सगळं नर्स करते. सकाळी सहाला ड्युटी, आणि आपल्या वाट्याच्या पेशंटना धुणं, दात घासून देणं, कपडे चढवणं, डायपर बदलणं, पाव कापून भरवणं. आणि जिथे तुझा हात बसला आहे, अंधारात चाचपूनसुद्धा व्हेन मिळवायची आणि लाइन लावायची, ते काम तिथे बऱ्याच वॉर्डांत डॉक्टर करतात.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी तिथे गेली. पहिले दोन महिने रोज फोनवर रडायची, "मॅडम, मला आया करून टाकलं." मग एके दिवशी तिचा फोन आला, आवाज वेगळा होता. एका म्हातारीची पाठ धुताना माकडहाडापाशी रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला तरी पांढरा पडेना. बेडसोअरची सुरुवात. तिने तिथल्या सीनियरला दाखवलं, कूस बदलायचं वेळापत्रक त्याच दिवशी लागलं. ती मला म्हणाली, "आपल्याकडे हे मावशींना दिसलं असतं का? आणि दिसलं तर त्यांनी कोणाला सांगितलं असतं?" तिला ते काम कळलं. काहींना शेवटपर्यंत कळत नाही आणि त्या कडवट होऊन परत येतात. तू स्वतःला विचारून बघ. अनोळखी म्हाताऱ्या माणसाचं अंग रोज धुताना तुझा जीव त्यात रमेल का? नाही वाटलं तर तसं मान्य कर, त्यात लाज कसली? पण मग ही नोकरी घेऊ नकोस.

भाषेचीही एक गंमत तिथे गेल्यावर कळते. तू क्लासमध्ये ‘आइन बिसशेन’ शिकलीस, म्हणजे थोडंसं. श्टुटगार्टकडचे आजोबा म्हणतील ‘अ बिस्सले’. पुण्यात मराठी शिकून आलेल्या माणसाला चंदगडच्या म्हातारीने छातीत कसं दुखतंय ते सांगावं, तसं होतं सुरुवातीला. ड्युटी बदलतानाचं हँडओव्हर तर भराभर बोलतात. म्हणून सारखी सांगतेय, बी-२ इथेच कर.

आता तो एजंट. मूळ सर्टिफिकेट मागणाऱ्या माणसाला नमस्कार करायचा आणि उठायचं. मुंबईतल्या एका एजंटने माझी सर्टिफिकेट ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून ठेवून घेतली होती. दोन वर्षं परत मिळाली नाहीत. मधल्या काळात सरकारी भरतीची जाहिरात निघाली, मी परत यायला तयार होते, पण अर्जाला जोडायला हातात कागदच नव्हता. जर्मनीच्या कामाला साक्षांकित प्रती आणि मान्यताप्राप्त भाषांतरकाराची भाषांतरं लागतात. कोणाला मूळ कागद पडताळायचा असेल तर तुझ्या समोर पडताळावा आणि परत द्यावा. आणि कोरा चेक म्हणजे तर तू उद्या नाही म्हणालीस की तो हवा तो आकडा घालून बँकेत टाकणार, आणि चेक बाउन्सची केस तुझ्यावर.

आपल्या १९८३ च्या कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावीच लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायची सेवा फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढीच. अडीच लाख कशाचे? तो म्हणेल, भाषेचे आणि कागदपत्रांचे. मग लेखी तपशील आणि पावती माग, बघ तोंड कसं होतं. ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक शोध. जर्मनीनेही परदेशी नर्स आणणाऱ्या संस्थांसाठी ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांट’ नावाचं सरकारी मानचिन्ह सुरू केलं आहे. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च हॉस्पिटलने करायचा. केरळच्या सरकारी संस्थेमार्फत, ‘नोर्का’मार्फत, जर्मनीला जाणाऱ्या मुलींना तर बी-१ पर्यंतची भाषाही फुकट शिकवली जाते. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ साली कुशल मनुष्यबळासाठी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आहे. श्टुटगार्ट त्याच राज्याची राजधानी, म्हणजे तू निघाली आहेस तिथेच. त्यातून तुझ्यासाठी काही वाट आहे का याची चौकशी एजंटला पैसे देण्याआधी कर.

९,००० युरोंचं कलम वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. भाषेचा खर्च तू केलास, एजंटला पैसे तू देणार, मग हॉस्पिटल परत कसले पैसे मागतंय? खरोखर तुझ्यावर खर्च केला असेल तर त्याचा आकडा लिहावा, आणि जसजसे महिने भरतील तसतशी रक्कम कमी होत जावी. सरसकट रकमेची अशी कलमं जर्मन कामगार न्यायालयांनी रद्दबातल ठरवलेली आहेत. पण परक्या देशात कोर्टाची पायरी चढायची ताकद तुझ्यात पहिल्या वर्षी नसेल, हे त्यांनाही ठाऊक आहे. तिथे ‘फेअरे इंटेग्रात्सिओन’ नावाची सल्ला केंद्रं आहेत, परदेशी कामगारांना फुकट मार्गदर्शन करतात. सही करण्याआधी त्यांना करार दाखवून विचारता आलं तर बघ.

घराकडे येते. तुझे मिस्टर ‘तू ठरव’ म्हणतात. भला माणूस दिसतो. पण हे वाक्य तुझ्या एकटीच्या खांद्यावर सगळं ओझं ठेवून जातं. एक रविवार गॅरेज बंद ठेवायला सांग आणि दोघं समोरासमोर बसा. त्यांना तिथे यायचं आहे का? हे ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये ऐक. तू मान्यताप्राप्त नर्स झालीस की कुटुंबाला बोलावता येतं. पुरेसं घर आणि पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं. नवरा म्हणून आलेल्या माणसाला तिथे नोकरी करायची मुभा असते. पण आज ते मालक आहेत. दहा माणसं ‘शेठ’ म्हणून हाक मारतात, संध्याकाळी गल्ला मोजून घरी येतात. तिथे भाषा येईपर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली पाने-स्क्रू उचलून द्यावे लागतील किंवा गोदामात खोकी लावावी लागतील, आणि घरात बायकोचा पगार मोठा असेल. हे काही पुरुषांना पचतं, काहींना आतून पोखरतं. त्यांना आत्ताच विचार. आणि त्यांचंही जर्मन आजपासून सुरू होऊ दे, रोज अर्धा तास का होईना. तो माणूस जर्मनचं पुस्तक उघडतो की नाही, यावरून तुला महिनाभरात खरं उत्तर मिळेल.

मुलीचं वय तुझ्या बाजूने आहे. तिथे शाळा सहाव्या वर्षी सुरू होते. तू येत्या सहा-आठ महिन्यांत इथे बी-२ केलीस, डेफिझिटबेशाइडचा अर्ज इथूनच लावलास आणि ते पत्र हातात घेऊन निघालीस, तर ती पावणेपाच-पाच वर्षांची असेल. तिथे पोचल्यावर वर्षभरात परीक्षा झाली तर ती सहाच्या आसपास तुझ्याकडे येईल, पोरांसोबत पहिलीच्या बाकावर बसेल आणि वर्षात तुझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलेल. आज घाईने बी-१ वर निघालीस तर हेच अंतर दोन वर्षांवर जाईल. म्हणून दोघं मिळून एक आकडा ठरवा. मी म्हणेन, जास्तीत जास्त पंधरा महिने, आणि मध्ये एक फेरी तुझी घरी. पंधरा महिन्यांत परीक्षा झाली नाही तर काय करायचं, परत यायचं की त्यांनी यायचा प्रयत्न करायचा, तेही आत्ताच वहीत लिहून ठेवा. नंतर थकलेल्या डोक्याने ठरवू नका.

सासूबाईंची सोय मुलीच्या सोयीइतकीच नीट लाव. इन्सुलिन द्यायला नणंद येईल की मिस्टर शिकतील, ते तू इथे असतानाच सुरू होऊ दे. दोन महिने त्यांच्या हातून झालं की सासूबाईंची अर्धी भीती जाईल. तुला लोकांच्या घरी जाऊन हेच शिकवता येतं, आपल्या घरात शिकवायचं राहून जातं.

आणि ते दहा दिवस. नर्स मिळत नाहीत म्हणून समुद्रापलीकडून बोलावणारं हॉस्पिटल दहा दिवसांत ऑफर मागे घेत नाही. ही मुदत एजंटची आहे. ऑफर लेटरवर हॉस्पिटलच्या मनुष्यबळ विभागाचा पत्ता असेल, त्यांना तू स्वतः ई-मेल लिही, जर्मनमध्ये. चुका झाल्या तरी चालतील. विचार की तुम्ही या एजंटला नेमलं आहे का, आणि त्याने माझ्याकडून पैसे घेणं तुम्हाला माहीत आहे का. मान्यतेच्या परीक्षेची तयारी तुम्ही करून घेता का, ड्युटीच्या वेळेत की सुट्टीच्या दिवशी? ९,००० युरो कोणत्या खर्चाचे? मी बी-२ करून सहा-आठ महिन्यांनी आले तर जागा राहील का? आणि तुमच्याकडे याआधी भारतातून आलेल्या एखाद्या नर्सशी मला बोलता येईल का?

शेवटचा प्रश्न सोडू नकोस. तिच्याशी बोलणं झालं तर पगाराचं सोड, तिची परीक्षा किती महिन्यांत झाली ते विचार. हॉस्पिटलने उत्तरच दिलं नाही, किंवा उत्तर एजंटकडूनच आलं, तर ही ऑफर सोडून दे आणि बी-२ चा क्लास लाव. पुण्याचं मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन क्लासही आहेत. बी-२ आणि आठ वर्षं आयसीयूचा अनुभव घेऊन उभी राहिलीस की दुसरं हॉस्पिटल मिळेल, हे मी खात्रीने सांगते.

पुढची नाइट संपली की घरी जाण्याआधी, चहा घेता घेता ती मेल पाठव. सकाळी आठला पाठवलीस तर तिथे पहाट असेल, त्यांचं ऑफिस उघडेल तेव्हा ती वरच दिसेल. उत्तर आलं की मला कळव, करारासकट. आपण दोघी मिळून ओळ न् ओळ वाचू.

तुझी,
एक जुनी सिस्टर